मापकाकांनी तीनशे अकरा जणांचे पाय मागितले

मापकाका माणसाचं तोंड बघायचे ते सगळ्यात शेवटी. आधी पाय, मग चाल, मग आवाज, आणि वेळ उरलाच तर तोंड. एकदा त्यांचा सख्खा मेहुणा चार वर्षांनी दुकानात येऊन उभा राहिला. मापकाकांची मान खालीच. या, बसा, काय करायचंय, असं म्हणून ते आपले दाभण चालवत बसले. मेहुणा गंमत बघत उभा. शेवटी कंटाळून त्याने बूट काढला, तसे मापकाका म्हणाले, "अरे, तू होय. मग नवे बूट घालून कशाला येतोस?" म्हणजे चूक निघाली ती मेहुण्याचीच.

दुकान चार मजली इमारतीच्या जिन्याखाली. आत नीट उभं राहिलं की पायरी डोक्याला लागायची, त्यामुळे कितीही उंच गिऱ्हाईक आल्या आल्या नम्र व्हायचं. वरून भाडेकरू चढायचे-उतरायचे आणि मापकाका खाली बसून सांगायचे, तिसऱ्या मजल्यावरचे आज लंगडतायत, दुसऱ्यावरच्या बाईंनी नवी चप्पल घेतली पण चावतेय.

त्यांचं काम जरा वेगळं होतं. बूट कारखान्यात जुळे जन्माला येतात, पाय मात्र तसे जन्मत नाहीत. कुणाचा डावा सात नंबरचा आणि उजवा नऊ. कुणाचा लहानपणच्या तापात वाळलेला, कुणाचा अपघातात आखडलेला. अशा माणसाने मोठ्या दुकानात दोन जोड घ्यायचे, त्यातला एकेक बूट वापरायचा आणि उरलेले दोन कपाटात ठेवून आयुष्यभर त्यांच्याकडे बघायचं. मापकाका अशांना एकच जोड करून द्यायचे आणि पैसे एकाच जोडाचे घ्यायचे.

पद्धत ठरलेली. गिऱ्हाइकाला तपकिरी कागदावर उभं करायचं, पेन्सिल उभी धरून दोन्ही पायांभोवती रेघ मारायची, आणि बाजूला शेरा लिहायचा. 'डावा शहाणा, उजवा हट्टी.' 'टाच हलकी, बाई सदा घाईत.' 'दोन्ही ठीक, माणूसच वाकडा.' मग त्या कागदावरून लाकडाचा पाय कोरायचा. त्याला म्हणायचं फर्मा. डाव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा. त्यावर चामडं ताणून शिवायचं. नुसता फर्म्यांचा जोड कोरायलाच दोन दिवस जायचे. तीस वर्षांचे कागद खुंटीला ओवून टांगलेले असत, आणि दुकानाची वही म्हणाल तर तीच.

मापकाकांना एक खोड होती. त्यांना फुकटचं काही घेता यायचं नाही. एकदा एका डॉक्टरांनी त्यांचं बोट शिवलं आणि पैसे घेतले नाहीत. झालं. आठ दिवसांत डॉक्टरांना नवा जोड, पंधरा दिवसांत कंपाउंडरला, आणि महिन्याभरात डॉक्टरांच्या सासऱ्यांना. सासरे बिचारे अंथरुणाला खिळलेले. काकू म्हणजे मापकाकांची बायको, तोंडाने फटकळ आणि मनाने त्याहून. ती म्हणायची, तुमच्यावर उपकार करायचे तर माणसाला आधी पाय हवेत.

तर असे हे मापकाका एकसष्टीला आले आणि त्यांचं उजवं मनगट बोलू लागलं. आधी कुरकुर, मग ठणका. कोरायची सुरी हातातून सुटून पडायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की लाकूड कोरणं थांबवा, नाहीतर वर्षभरात जेवायचा चमचाही धरता येणार नाही. आता फर्मा नाही तर बूट नाही, बूट नाही तर मापकाका तरी कशाचे?

मार्ग होता. एक यंत्र होतं, नमुना दाखवला की लाकूड आपोआप कोरून देणारं. किंमत तीन लाख साठ हजार. तेवढे पैसे मापकाकांनी एका जागी कधी पाहिलेले नव्हते, आणि वेगवेगळ्या जागीही नाही.

पुतणी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिने एका दुपारी फोनवर मापकाकांचं तीन मिनिटांचं चित्रण केलं. मापकाका कॅमेऱ्याकडे बघेनात, पुतणीच्या सँडलकडे बघून बोलत होते. तिने ते इंटरनेटवरच्या एका वर्गणीच्या पानावर टाकलं. वर लिहिलं, 'मापकाकांच्या मनगटाला हात द्या.' खाली यंत्राची किंमत, आणि मापकाकांच्या स्वतःच्या बचत खात्याचा नंबर, कारण दुकानाचं वेगळं खातं काढायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

लोकांनी काय बघितलं कुणास ठाऊक, पण सात आठवड्यांत तीनशे अकरा जणांनी मिळून चार लाख वीस हजार दिले. कुणी पन्नास, कुणी पाचशे, एकाने तर वीस हजार. पान चालवणाऱ्यांनी आपले एकवीस हजार कापून घेतले, बाकीचे आले. पान बंद झालं, यंत्र आलं, वायरिंग झालं. पहिला फर्मा उतरला तेव्हा मापकाकांनी तो गालाला लावून बघितला. काकूने विचारलं, हे काय करताय? ते म्हणाले, कान गुळगुळीत आहे का बघतोय. फर्म्याला कान नसतो हे काकूला पक्कं माहीत होतं. 

इथवर सगळं सरळ होतं. पण त्या दिवसापासून मापकाकांचं जेवण कमी झालं. ताटावर बसले की म्हणायचे, तीनशे अकरा माणसं. डॉक्टर एक होता तर तीन जोड लागले. हे कसं फिटणार?

मग त्यांनी पुतणीला न सांगता एक गोष्ट केली. तिने दिलेल्या यादीतून सगळ्यांचे पत्ते काढले, कोपऱ्यावरच्या छापखान्यात एक चिठ्ठी छापून घेतली आणि प्रत्येक चिठ्ठीसोबत तपकिरी कागदाची घडी घालून तीनशे अकरा पाकिटं टपालात टाकली. चिठ्ठीत तारीख घालायची राहिली, पण मजकूर असा होता: 'आपण दिलेल्या पैशांतून घेतलेले यंत्र बसले. पहिला फर्मा उतरला, चांगला उतरला. आपले पैसे जमा धरले आहेत. सोबतच्या कागदावर दोन्ही पाय ठेवून, पेन्सिल उभी धरून रेघ मारावी व कागद परत पाठवावा. आपला जोड करून देईन. आपला पैसा माझ्याकडे फुकट राहणार नाही.'

त्या दिवशी मापकाका दोन घास जास्त जेवले.

कागद येऊ लागले. महिन्याभरात एकशे चाळीस पाय-कागद आले. एकाने एकच पाय काढून पाठवला होता, खाली लिहिलं होतं, दुसरा नाही, त्यामुळे हिशेबात निम्मी सूट धरा. एका बाईने वडिलांचे पाय पाठवले. एका इरसालाने मांजराचे चार. अडतीस जणांनी तर कागदासोबत वर आणखी पैसे पाठवले, की जोडाची किंमत म्हणून ठेवा, पहिले पैसे ते पहिले पैसे. मापकाकांनी तेही ठेवले आणि प्रत्येक कागदावर शेरा लिहिला. मांजराच्या कागदावर लिहिलं, 'चारही सारखे. भाग्यवान.'

आणि मग कर खात्याची नोटीस आली.

नोटिशीत एवढंच विचारलं होतं की आपल्या नावावर चार लाख वीस हजारांची वर्गणी जमा झाल्याचं दिसतं, तर हे पैसे कसले, ते कळवावं. मापकाकांनी ती तीनदा वाचली. 'कसले' म्हणजे काय? पैसे पैशांचे.

शेजारी चावीवाल्याचा गाळा. त्याच्याकडे जगातल्या कुठल्याही कुलपाला किल्ली असायची आणि कुठल्याही प्रश्नाला उत्तर. त्याने नोटीस उलटी-सुलटी करून सांगितलं, की हे दान आहे, दानाला कर नसतो, तसं लिहून मोकळे व्हा. संध्याकाळी पुतणी आली, ती म्हणाली दान नव्हे, मदत. काकू म्हणाली, लोकांनी प्रेमाने दिलं त्याला आणखी नाव कशाला? मापकाकांच्या मनात तर चौथंच होतं. त्यांना ते उसने वाटत होते. एकाच पैशाची एका दिवसात चार नावं झाली.

शेवटी पुतणी त्यांना कर सल्लागाराकडे घेऊन गेली. कचेरी एका लाँड्रीच्या वर. खालच्या इस्त्रीने फरशी सदा कोमट असायची, म्हणून सल्लागार बूट टेबलाखाली काढून ठेवून मोज्यांवर बसायचा. तिशीतला पोरगा, कानावर पेन्सिल. मापकाकांनी बसल्या बसल्या त्याचे मोजे बघितले. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक, उजवा धड. म्हणजे डावा पाय मोठा. त्यांना एकदम बरं वाटलं.

सल्लागाराने समजावायला सुरुवात केली आणि मापकाकांचा गोंधळ शास्त्रशुद्ध झाला. तो म्हणाला, पैसा सगळा दिसायला सारखाच, पण तो कुठल्या दाराने आला त्यावर त्याचं नाव ठरतं. परत करायचा कबूल करून घेतला तर ते कर्ज, ती तुमची कमाई नव्हे. धंद्यात हिस्सा देऊन घेतला तर ते भांडवल. बदल्यात वस्तू द्यायचं ठरवून घेतला तर ती आगाऊ विक्री, तिच्यावर उत्पन्नाचा कर आणि वर विक्रीचा कर. आणि बदल्यात काहीच नसेल तर ती भेट. आता भेटीचंही असं, की माणसाला दिली की दुकानाला दिली हे बघतात. दुकानाला दिलेली असेल तर म्हणतील ही धंद्याचीच कमाई.

मापकाकांनी विचारलं, मी दुकानातच असतो, मग मला द्यायची तर कुठे देणार? सल्लागार म्हणाला, तोच तर मुद्दा आहे. मापकाकांना वाटलं होतं की आपण प्रश्न विचारलाय.

पुढे निघाला यंत्राचा विषय. मापकाका म्हणाले की पैसे आले तसे यंत्रात गेले, माझ्याकडे राहिलंय काय? कर लावायचा तर यंत्राला लावा. सल्लागार म्हणाला, तसं नसतं. पैसे या वर्षी आले म्हणजे या वर्षीच मोजायचे, पण यंत्राचा खर्च एकदम धरता येत नाही. यंत्र वर्षाला थोडं थोडं झिजतं असं मानायचं, आणि झिजेल तेवढाच खर्च. त्याला घसारा म्हणतात.

"ते अजून झिजलेलं नाही," मापकाका अभिमानाने म्हणाले. "मी रोज तेल घालतो."

सल्लागाराने पेन्सिल एका कानावरून दुसऱ्या कानावर ठेवली. मग म्हणाला की काळजीचं तसं कारण नाही, पानावर नुसता मदतीचा मजकूर आहे, खातं तुमच्या स्वतःच्या नावाचं आहे, रकमा लहान लहान आहेत. भेट म्हणून मांडता येईल. फक्त एक खात्री हवी. "बदल्यात तुम्ही कुणाला काही कबूल केलं नाहीत ना, काका?"

मापकाकांचा चेहरा उजळला. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांना येणारा प्रश्न आला होता. त्यांनी खिशातून चिठ्ठीची प्रत काढून टेबलावर ठेवली. सल्लागाराने वाचली. 'पैसे जमा धरले आहेत' या ओळीवर त्याचा डोळा जो अडकला तो अडकलाच. ही चिठ्ठी किती जणांना गेली, असं त्याने हळूच विचारलं.

"सगळ्यांना," मापकाका म्हणाले. "एखाद्याला वगळणं बरं दिसतं का?"

पुतणीने कपाळावर हात मारला. सल्लागाराने कागदावर आकडे मांडले. सगळी रक्कम आगाऊ विक्री धरली तर दोन्ही कर आणि दंड मिळून एक लाख अठरा हजार. मापकाकांकडे उरले होते पंधरा हजार. विकण्यासारखी वस्तू घरात एकच, आणि ती जिन्याखाली बसून लाकूड कोरत होती. यंत्रवाला ते अर्ध्या किमतीत परत घ्यायला तयार झाला असता. म्हणजे लोकांनी दिलेलं मनगट मापकाकांनी स्वतःच्या चिठ्ठीने उपटून द्यायचं.

पुतणीने घरी येताना सुचवून पाहिलं, की ती चिठ्ठी खात्याने कुठे बघितलीय? मापकाका रस्त्यात थांबले. म्हणाले, एकशे चाळीस माणसांनी कागदावर पाय ठेवून दिलाय, पोरी, मी काय म्हणू, हे पाय कुणाचे ते मला माहीत नाही?  पण थोड्या वेळाने त्यांनीच तिला विचारलं, ज्याने पन्नास दिले त्याला जोड दिला तर ती पन्नासाची विक्री का? आणि वीस हजारवाल्याला तोच तीन हजारांचा जोड दिला तर वरचे सतरा कसले? आणि ज्यांनी कागद पाठवलेच नाहीत, त्या एकशे एकाहत्तर जणांचं काय? मी देतो म्हणालो, ते घेतो म्हणाले नाहीत. विक्री अर्धीच झाली म्हणायची का? पुतणीने दुसऱ्या दिवशी हे प्रश्न सल्लागाराला कळवले. सल्लागार म्हणाला, हे मलाही वाचून बघावं लागेल. त्या दिवसापासून मापकाकांना तो पोरगा आवडू लागला. चावीवाला तसं कधीच म्हणत नसे.

खात्याने बोलावलेल्या तारखेला मापकाका, काकू आणि सल्लागार असे तिघं कर खात्याच्या कचेरीत गेले. मापकाकांच्या खांद्यावर पिशवी, पिशवीत एकशे चाळीस पाय. कचेरीत जुना दगडी जिना. त्याच्या पायऱ्या मधोमध इतक्या झिजलेल्या, की प्रत्येक पायरीला पोट खपाटीला गेल्यासारखा खळगा. मापकाका वाकून बघत म्हणाले, घसारा घसारा म्हणतात तो हा. सल्लागार म्हणाला, हो काका, चला.

अधिकारी बाई पन्नाशीच्या. टेबलावर एक लाकडी पट्टी होती. ती ओळीखाली धरून त्या वाचायच्या, एक ओळ झाली की पट्टी खाली. घाई नाही. सल्लागाराने चिठ्ठी पुढे ठेवली आणि आपल्या अशिलाचा हेतू वाईट नव्हता, वगैरे सुरू केलं. बाई म्हणाल्या, थांबा, मी पहिल्या ओळीवर आहे.

पट्टी पहिल्या ओळीखालीच थांबली होती. बाईंनी यंत्राचं बिल मागितलं. मग पान कधी बंद झालं त्याचा कागद मागितला. मग पानावरचा मजकूर. सगळं पट्टीखालून गेलं. मापकाका दरम्यान पिशवीतले पाय टेबलावर मांडू लागले होते. शेजारच्या टेबलावरचा कारकून मांजराचा कागद हातात घेऊन बराच वेळ बघत होता.

"या चिठ्ठीत तुम्ही लिहिलंय, यंत्र बसलं," बाई म्हणाल्या. "म्हणजे चिठ्ठी लिहिली तेव्हा पैसे येऊन, पान बंद होऊन, यंत्रही आलेलं होतं. लोकांनी पैसे दिले तेव्हा त्यांना जोड मिळणार हे कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही," मापकाका म्हणाले. "मलाही नाही. मला ते मागाहून जेवताना सुचलं."

सल्लागाराने पेन्सिल कानावरून काढली आणि ती हातातच राहिली. पहिली ओळ त्यानेही वाचली होती, पण त्याला ती नुसती बढाई वाटली होती. बाईंनी सांगितलं, की न मागता आधी दिलेल्या पैशाला मागाहून कबुली दिली म्हणून तो पैसा आगाऊ किंमत होत नाही. मदत माणसाच्या मनगटासाठी मागितली, माणसाच्या खात्यात आली, एकेक रक्कम लहान. ती भेट. विक्री झाली ती फक्त त्या अडतीस जणांची, ज्यांनी कागदासोबत किंमत म्हणून पैसे पाठवले. त्यांचा कर भरावा लागेल, साधारण साडेचार हजार.

काकूने सोडलेला श्वास पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू गेला. मापकाकांना मात्र काही कळेना. त्यांनी विचारलं, मग बाकीच्या एकशे दोन जणांना जोड द्यायचे की नाही?

बाई म्हणाल्या, खुशाल द्या, पण ते तुमच्याकडून भेट. त्यांचं चामडं दुकानाच्या खर्चात धरायचं नाही.

मापकाकांनी हे मनात मांडून बघितलं. दुकानात बसून, दुकानाच्या यंत्रावर, दुकानाच्या सुईने जोड करायचे, पण ते दुकानाने केले असं समजायचं नाही. अडतीस जोड करताना ते दुकानदार, एकशे दोन करताना कुणीतरी शेजारी. आणि यंत्र झिजणार ते नक्की कुणाच्या जोडाला किती? त्यांनी तोंड उघडलं, सल्लागाराने टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. मापकाकांनी खाली बघितलं आणि नकळत मान डोलावली. डावाच होता, मोठा.

आता शेवटचं काम, बाई म्हणाल्या, आणि एक छापील अर्ज पुढे सरकवला. सही केली की प्रकरण बंद. मापकाकांनी पेन घेतलं आणि बाईंसारखंच, पट्टी मागून घेऊन, ओळीखाली धरून वाचायला लागले. तिसऱ्या ओळीवर पट्टी थांबली.

ओळ अशी होती: 'सदर रकमेच्या बदल्यात मी कोणाचेही काहीही देणे लागत नाही.'

मापकाकांनी पेन खाली ठेवलं.

सल्लागाराला वाटलं, शाई संपली. त्याने दुसरं पेन दिलं. तेही मापकाकांनी खाली ठेवलं. म्हणाले, हे खोटं आहे, मॅडम. मी लागतो. तीनशे अकरा जणांचं लागतो. हवं तर बाजूला एक ओळ लिहितो आणि मग सही करतो. बाईंनी शांतपणे सांगितलं, की अर्जात ओळ घालायला जागा नसते, आणि तुम्ही देणं लागता असं लिहून दिलंत तर मग ती भेट राहत नाही. मग ते एक लाख अठरा हजार.

 कारकून मांजराचा कागद घेऊन तसाच उभा. मापकाका स्वतःच्या मनगटाकडे बघत होते. आयुष्यात कुणाचं फुकट ठेवलं नाही ही त्यांची एकुलती एक श्रीमंती, आणि यंत्र राखायचं तर तीच सही करून सोडायची. नाही सोडली तर यंत्र जाणार, आणि मग ज्यांना जोड द्यायचे त्यांना कशावर देणार? विचार गोल फिरून पुन्हा पहिल्या जागी यायचा, चावी चुकीच्या कुलपात फिरावी तसा.

काकू इतका वेळ पदर आवळून बसली होती. ती त्यांच्याकडे न बघता, समोरच्या पट्टीकडे बघत बोलली.

"देणं लागतं म्हणून देणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. तुम्ही देणं लागत नसताना द्या की. त्या लोकांनी तरी काय केलं? त्यांचं काय तुम्ही लागत होतात?"

मापकाकांनी तिच्याकडे बघितलं. बऱ्याच वर्षांनी त्यांनी पाय सोडून आधी तोंड बघितलं असावं, कारण काकू जराशी गडबडली आणि पदर सारखा करायला लागली. मग त्यांनी पेन उचललं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, आणि सही केली. सही वाकडी आली. बाईंनी शिक्का मारला.

जिना उतरताना मापकाकांनी दोनदा विचारलं, की म्हणजे आता आपण लागतो की नाही? सल्लागार म्हणाला, कायद्याने नाही. काकू म्हणाली, घरी चला.

पुढे ते एकशे दोन जोड होत राहिले, आठवड्याला दोन, कधी तीन. एका पायवाल्याला एकच बूट गेला, सोबत चिठ्ठी, की दुसरा लागला तर कळवा. मांजरवाल्यालाही त्यांनी सोडलं नाही, चामड्याचे चार लहानसे बूट शिवून पाठवले. ज्यांनी कागद पाठवले नव्हते त्यांची यादीतली नावं मापकाका अधूनमधून मोजायचे आणि हे लोक भेट घेत नाहीत म्हणजे उद्धट आहेत की थोर, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. चामड्यासाठी आता दोन कपाटं होती. एकावर काकूने 'दुकान' लिहिलं, दुसऱ्यावर 'घर'. मापकाका हमखास चुकीच्या कपाटातून काढायचे, आणि चावीवाला बाहेरून ओरडायचा, "काका, घर झिजतंय हं."

राहता राहिला सल्लागार. त्याने फी घेतली नाही. म्हणाला, पहिली ओळ मला दिसली नाही, बाईंना दिसली, मग फी कसली? हे म्हणताना आपण कुणापुढे बोलतोय याचं त्याला भान राहिलं नाही. आठव्या दिवशी मापकाका लाँड्रीवरचा जिना चढून आले, काखेत तपकिरी कागदाची गुंडाळी. कोमट फरशीवर कागद पसरला, पेन्सिल त्याच्याच कानावरून काढून घेतली आणि म्हणाले, उभा राहा.

सल्लागार सवयीने उठला. मोज्यातला डावा पाय त्याने उचललासुद्धा. आणि तेवढ्यात त्याच्या डोळ्यापुढून काहीतरी गेलं.

"काका, थांबा. मी काम केलं आणि तुम्ही बूट दिलात, म्हणजे हा जोड माझी कमाई होईल. मला त्याच्यावर कर भरावा लागेल."

मापकाकांनी गुडघ्यावर बसल्या बसल्या विचार केला. "मग ही भेट समज."

"तुम्ही भेट म्हणून देताय की मी काम केलं म्हणून?"

 खाली इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला. सल्लागार एका पायावर उभा, दुसरा कागदाच्या वर वीतभर अधांतरी, ठेवावा की नाही ते कळेना. मापकाका खाली, पेन्सिल उभी धरून, वाट बघत.

"पाय दमेल," शेवटी मापकाका म्हणाले. "ठेव आधी. नाव मग ठरवू."